थंडीच्या प्रदेशात कंदापासून बांबू: आधी जमिनीखालचं काम

बांबूच्या कंदाचा तुकडा पहिल्यांदा हातात आला की विश्वास बसत नाही. बोटाएवढं जाड, दीड-दोन वीत लांब, पेरापेराचं मातकट पिवळं काहीतरी. त्याला विस्कटलेली मुळं. यातून पुढे डोक्यावरून जाणाऱ्या काठ्या उभ्या राहणार असं कुणी सांगितलं तर आपण नुसते हसू. पण राहतात, आणि जिथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते तिथेही राहतात.

माझे पहिल्या खेपेचे सगळे कंद गेले. दोष मी थंडीला दिला. वसंतात कुंडी उपडी केली तेव्हा कळलं, कंद गोठून मेलेच नव्हते. दोन कुजले होते, एक वाळून काडी झाला होता, आणि एकाचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, लावण्याआधीच मेलेल्या होत्या, फक्त मी त्या तपासल्या नव्हत्या. जातिवंत काटक बांबूचा कंद नुसत्या गारठ्याने सहसा मरत नाही. तो मरतो पाणी तुंबल्याने, कोरडा पडल्याने आणि आपल्या घाईने. पुढचं सगळं या तिघांना दूर ठेवण्याबद्दल आहे.

धावणारा की बेटाने वाढणारा

बांबूचे कंद दोन तऱ्हेचे असतात आणि इथेच बहुतेक लोक फसतात. उष्ण प्रदेशातले बहुतेक बांबू बेटाने वाढतात. त्यांचा कंद आखूड, जाडजूड, वाकडा गड्डा असतो. त्याचं टोक वर वळून स्वतःच काठी होतं आणि नवा गड्डा त्याच्या कुशीत फुटतो. दुसरी तऱ्हा धावणाऱ्यांची. त्यांचा कंद दोरीसारखा आडवा पळतो, पेरापेराला एकेक डोळा असतो, एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे. यातले काही डोळे काठ्या होतात, काही नव्या आडव्या फांद्या होतात आणि कित्येक नुसते झोपून राहतात.

‘कंदाचा तुकडा लावून बांबू’ हे तंत्र धावणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या तुकड्यावर दहा-बारा डोळे असतात, म्हणून त्यातला एखादा तरी उठतो. बेटाच्या बांबूचा नुसता गड्डा लावून बसलात तर बहुधा वाट बघत राहाल. त्याला काठ्या आणि पानं असलेला वाटाच लागतो. त्याबद्दल शेवटी बोलू.

थंडीत टिकणाऱ्या धावणाऱ्या बांबूंमध्ये फायलोस्टॅकिस ही प्रजाती पहिली. त्यातही न्यूडा, बिसेटी आणि ऑरिओसल्काटा हे तिघे भरवशाचे. पूर्ण वाढलेल्या राईची पानं उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसतात, आणि कंद तर त्याहून वाईट हिवाळ्यातूनही परत येतात. ऑरिओसल्काटाच्या काठीवरच्या खोबणीत पिवळा पट्टा असतो, आणि त्याच्या काही काठ्या बुडाशी नागमोडी वळतात, म्हणून बागेत तो देखणा दिसतो. काळ्या काठीचा नायग्रा सगळ्यांना हवा असतो, पण तो या तिघांइतका काटक नाही. एड्युलिस, म्हणजे तो प्रचंड मोसो, त्याचा मोह पहिल्या खेपेला टाळाच. लहान रोप असताना तो नाजूक असतो आणि आखूड उन्हाळ्यात त्याला वाढायला वेळच मिळत नाही.

ठेंगणे चालत असतील तर सासा आहे. सासा कुरिलेन्सिस तर सखालिन आणि कुरील बेटांवर रानात उगवतो. निसर्गात याच्या इतक्या उत्तरेला दुसरा बांबू नाही. तिथे तो बर्फाखाली दबून हिवाळा काढतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, हिवाळ्याच्या भागात ती पुन्हा येणार आहे. इंडोकॅलामस टेसेलेटसही असाच, रुंद पानांचा आणि सावलीला न कुरकुरणारा.

रोपांसोबत मिळणाऱ्या माहितीत ‘उणे इतके अंश’ असा जो आकडा असतो तो जुन्या, दाट राईचा असतो. वर्षा-दोन वर्षांच्या रोपाला तो लावू नका. मी सरळ पाच-सहा अंश कमी धरून चालतो. म्हणजे तुमच्याकडे पारा उणे १८ पर्यंत उतरत असेल तर उणे २३-२४ सोसणारी जात निवडा.

कंद केव्हा काढायचा

एकच चांगला मुहूर्त: हिवाळा सरत आलेला, जमीन वितळलेली, पण कोंब अजून फुगलेले नाहीत. या वेळी वर्षभराची साठवण कंदात भरलेली असते. कोंब सुटायला लागले की ती झपाट्याने वर जाते, आणि तेव्हा कापलेला तुकडा म्हणजे रिकामी पिशवी. कोंब जमिनीबाहेर आल्यावर तर हातच लावू नका; त्या दिवसांत तुटलेल्या कंदावरचा कोंबही जातो आणि कंदही खचतो.

शरद ऋतूत काढलेले कंद कोवळ्या हिवाळ्याच्या प्रदेशात चालतात. कडक थंडीत मात्र मुळं धरायच्या आत जमीन गोठते. हिवाळाभर उबदार, उजेडाची जागा हाताशी असेल तरच तो नाद करावा.

खणणं आणि पारखणं

राईच्या मधोमध खणू नका. तिथले कंद जुने असतात. नवे कंद कडेला असतात, जिकडे राई पसरत चालली आहे तिकडे. बाहेरच्या अंगाच्या बारीक काठीपासून सुरुवात करा, कुदळीने वरची माती हलक्या हाताने ओढा. बहुतेक कंद वीतभर खोलीच्या आतच सापडतात. एक सापडला की त्याच्या कडेकडेने हाताने किंवा खुरप्याने मोकळं करत जा. ओढून उपटायचा मोह होईल, पण ओढताना मुळं तिथेच राहतात आणि हातात नुसती काठी येते.

पारखायची पद्धत अशी. वर्षा-दोन-तीन वर्षांचा कंद हस्तिदंती किंवा फिकट पिवळा दिसतो, सालीला तुकतुकी असते, पेरापेराला मुळांचं वेटोळं असतं. जुना कंद तपकिरी, खरखरीत असतो आणि त्याचे डोळे नखाने टोकरले तर भुसा निघतो. जिवंत डोळा टणक, टोकदार, पोटाशी पांढरट. अगदी यंदाचं, मऊ, पांढरं टोकही नको. ते लवकर कुजतं.

तुकडा ३० ते ४५ सेंटिमीटर लांब ठेवा आणि त्यावर आठ-दहा जिवंत डोळे मोजून घ्या. आखूड तुकडेही उगवतात, पण त्यांच्याकडे शिदोरी कमी. एका लांब कंदाचे सहा तुकडे करून सहा रोपं मिळवायचा हिशोब कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात दोन लांब तुकडे सहा आखडलेल्यांपेक्षा पुढे जातात. काप धारदार सिकेटरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) किंवा बारीक दात्यांच्या करवतीने, दोन पेरांच्या मधे घ्या. कुदळीने तोडलेलं टोक चिरफाळतं आणि कूज तिथूनच शिरते.

कंदाला एक काठी आणि तिच्यावर थोडी पानं ठेवून काढता आलं तर सर्वांत उत्तम. पानं आली की कारखाना चालू राहतो, कंद नुसत्या साठ्यावर जगत नाही. अशा वेळी काठी अर्ध्यावर छाटा, पण खालच्या दोन-तीन फांद्या राहू द्या.

माती सुटल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. ऊन आणि वारा लागलेली बारीक मुळं काही मिनिटांत सुकतात. म्हणून बादलीत ओलं गोणपाट आधीच तयार ठेवा आणि काढला की कंद त्यात. दूर न्यायचा असेल किंवा लगेच लावायचा नसेल तर ओलसर वर्तमानपत्रात किंवा शेवाळात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, गोठणार नाही अशा थंड जागी ठेवा. दोन-तीन आठवडे तग धरतो. पाण्यात बुडवून ठेवू नका. मागवलेला कंद कोरडा वाटला तर रात्रभर पाण्यात ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

पहिलं वर्ष कुंडीत

थंड प्रदेशात कंद थेट जमिनीत लावावा की आधी कुंडीत वाढवावा, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझं मत कुंडीच्या बाजूचं आहे. वसंतातली जमीन गार आणि चिकट असते, कंद त्यात आठवडेच्या आठवडे नुसता पडून राहतो. कुंडी आत उबेला ठेवली तर तुम्हाला उन्हाळ्याआधीच महिना-दीड महिना मिळतो. आखूड उन्हाळ्यात हा महिना सोन्याचा.

कुंडी खोल नको, लांब हवी. कंद आडवा मावला पाहिजे. तळाला भरपूर भोकं. मातीसाठी मी निम्मं चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि निम्मं जाडसर काहीतरी घेतो: झाडाच्या सालीचा चुरा, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा भरड वाळू. मूठभर दाबून सोडल्यावर गोळा फुटला पाहिजे. ताजं शेणखत अजिबात नको. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरलं तर ते वरून कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो, आणि नवखा माणूस वरून बघून पाणी घालतच राहतो.

तळाशी थर द्या, त्यावर कंद सपाट ठेवा. डोळ्यांच्या दोन ओळी डाव्या-उजव्या बाजूला येतील असा फिरवा. उभा किंवा तिरका लावू नका. मुळं बोटांनी पसरा, त्यांच्यामध्ये माती भरा, पोकळी राहू देऊ नका. वर पाच ते आठ सेंटिमीटर माती. एकदा भरपूर पाणी द्या, खालून निथळू द्या. मग १५ ते २० अंशांच्या जागी ठेवा. अजून पानं नाहीत, त्यामुळे आत्ता उजेडाची गरज नाही. पाण्याचीही फारशी नाही, कारण ते ओढून घेणारं वर काहीच नाही. या टप्प्यावर जास्त पाण्याने गेलेले कंद मी मोजणं सोडून दिलंय. बोट पेरभर खुपसा. ओल लागली तर झारी परत ठेवा.

मग वाट बघा. तीन आठवड्यांत कोंब दिसू शकतो, दोन-अडीच महिनेही लागू शकतात. आणि उकरून बघू नका. नुकतं फुटलेलं मूळ केसाएवढं असतं आणि आपल्या उत्सुकतेने तुटतं. कुंडीला कुजका वास यायला लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा काढा, मऊ भाग टणक पांढऱ्यापर्यंत कापून टाका आणि कोरडसर मिश्रणात नव्याने लावा.

पहिला कोंब फसवतो

एक दिवस सुईसारखं हिरवं टोक वर येतं आणि आपण जिंकलो असं वाटतं. पण हा कोंब कंदाच्या साठ्यावर उठलेला असतो. खाली नवी मुळं धरली आहेत याचा तो पुरावा नव्हे. कित्येकदा कोंब वीतभर वाढतो, दोन पानं उघडतो आणि पिवळा पडून बसतो, कारण पानं आता पाणी मागतात आणि ते द्यायला खाली कुणी नसतं.

म्हणून कोंब दिसताच कुंडी लख्ख उजेडात आणा, पण कडक उन्हात नको. हवा कोरडी असेल तर पारदर्शक पिशवी सैलसर झाकून ओल टिकवा आणि रोज थोडा वेळ उघडा. खत अजून नको. पाच-सहा पानं पूर्ण उघडली आणि नवी येत राहिली की खाली मुळं कामाला लागली असं समजा. तेव्हा अगदी सौम्य द्रवखत सुरू करा.

हा पहिला कोंब काडीपेटीतल्या काडीएवढा बारीक असेल. तो कधीच जाड होणार नाही. बांबू गवताच्या कुळातला आहे. झाडासारखी त्याची काठी वर्षागणिक भरत नाही. जमिनीतून ज्या जाडीची निघते तीच तिची जन्मभराची जाडी, आणि तिची उंचीसुद्धा दीड-दोन महिन्यांत संपते. जाड काठी हवी असेल तर ती पुढच्या वर्षीच्या कोंबातून मिळेल, आणि त्या कोंबाची जाडी यंदा खाली किती साठलं त्यावर ठरेल. तेव्हा त्या केविलवाण्या काड्या कापू नका. सध्या तेवढीच पानं कंदाला पोसत आहेत. काही कंद तर पहिल्या वर्षी वर काहीच पाठवत नाहीत, नुसती मुळं करतात आणि पुढच्या वसंतात उठतात. कंद टणक आहे तोवर कुंडी फेकू नका.

बाहेर आणि मग जमिनीत

रात्री गोठणं थांबलं की कुंड्या बाहेर काढा, पण आठवडा-दहा दिवस सावलीत सवय लावून. यानंतर दोन रस्ते. रोप जोमदार असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जमिनीत लावा, म्हणजे गोठण्याआधी त्याला तीन-चार महिने मिळतात. अशक्त असेल तर यंदा कुंडीतच ठेवा आणि पुढच्या वसंतात लावा. उन्हाळा संपताना लावणं हे दोन्हीपेक्षा वाईट.

जागा निवडताना हिवाळ्याचा विचार आधी करा, उन्हाळ्याचा नंतर. हिवाळी वारा जिथून येतो त्या बाजूला भिंत, कुंपण किंवा सदाहरित झाडं असावीत. खोलगट जागा टाळा, थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत तिथे साचते. बर्फ वितळल्यावर जिथे डबकं होतं ती जागा तर बादच. फायलोस्टॅकिस हेटेरोक्लाडासारख्या काही जातींच्या कंदात हवेच्या नळ्या असतात म्हणून त्या ओल सोसतात, बाकीच्यांचे कंद साचलेल्या पाण्यात गुदमरतात. चिकण माती असेल तर खड्डा करून त्यात चांगली माती भरणं म्हणजे हौद बांधणं. त्यापेक्षा वीतभर उंच, रुंद वाफा करा आणि त्यात लावा. किंचित आम्ल माती बांबूला मानवते.

कुंडीत होता त्याच पातळीला किंवा दोन बोटं खोल लावा. भोवतालचं गवत मीटरभर काढून टाका. बांबू स्वतः गवत असला तरी लहानपणी हिरवळीपुढे तो हरतो. वर कुजक्या पानांचा किंवा लाकडाच्या भुग्याचा थर द्या. पहिल्या उन्हाळ्यात पाणी खोलवर, पण मधे वरची माती थोडी सुकू देत. पानं लांबीत गुंडाळून नळी झाली तर तहान लागली आहे. तीच पानं पाणी देऊनही पिवळी लोंबत असतील तर पाणी जास्त झालं आहे.

नत्राचं खत वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, नंतर बंद. पहिली गोठणारी रात्र यायच्या दोन महिने आधी शेवटचा हात. उशिरा दिलेल्या खताने लुसलुशीत वाढ होते आणि पहिल्याच गारठ्यात ती काळी पडते. गळलेली पानं झाडून नेऊ नका, तिथेच राहू द्या. बांबूच्या पानात सिलिका भरपूर असते आणि ती कुजून परत त्यालाच मिळते.

पहिला हिवाळा

इथे आपण सगळ्यांत जास्त चुका करतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

बांबू सदाहरित आहे. हिवाळ्यात पानं टाकून तो झोपत नाही, त्यामुळे ऊन पडलं, वारा सुटला की पानांतून पाणी उडतच राहतं. खालची माती गोठलेली असेल तर मुळांना एक थेंब उचलता येत नाही. वसंतात दिसणारी करपलेली, कागदासारखी पानं बहुतेक वेळा गोठण्याने झालेली नसतात, तर तहानेने. हे एकदा पटलं की काय करायचं ते आपोआप सुचतं.

पहिलं काम, माती गोठण्याआधी भरपूर पाणी. शरदातल्या पावसावर विसंबून राहू नका. कोरड्या मातीत हिवाळ्यात शिरलेलं रोप अर्धी लढाई तिथेच हरतं.

दुसरं, आच्छादन. वीतभर जाड, रोपाच्या भोवती मीटरभर तरी पसरलेलं: लाकडाचा चुरा, पेंढा, वाळका पाला. रुंद, सपाट पानं एकमेकांना चिकटून ओलं झाकण तयार होतं, म्हणून ती आधी चुरून घ्या. घाई करून उबदार मातीवरच आच्छादन घातलं तर उंदीर तिथे घर करतात. वरची माती गार झाली, एखाद-दुसरी गोठणारी रात्र होऊन गेली की घाला. तरीही उंदरांवर लक्ष ठेवा. ते आत बसून कोवळे कंद आणि डोळे कुरतडतात, आणि वरून काहीच कळत नाही. ज्यांच्याकडे त्यांचा उपद्रव आहे त्यांनी रोपाभोवती बारीक जाळी पुरावी.

तिसरं, वाऱ्याचा बंदोबस्त. चार खुंट ठोकून वाऱ्याच्या आणि दुपारच्या उन्हाच्या बाजूने गोणपाट लावा. रोपाला प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. उन्हाच्या दिवशी आत भट्टी होते आणि रात्री पुन्हा उणे. हा चढउतार सरळ थंडीपेक्षा जास्त मारतो.

फार कडक थंडी असेल तर काठ्या वाकवून जमिनीवर झोपवायची युक्ती आहे. बारीक काठ्या लवचिक असतात, त्या थोड्या थोड्या करत एका बाजूला झोपवा, वर जाळी किंवा वजन ठेवा, त्यावर पेंढा आणि ताडपत्री. हे काम पारा शून्याच्या वर असताना करा, गोठलेली काठी कटकन मोडते. जमिनीच्या उबेने आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर राहतं. वसंतात मात्र ताडपत्री एकदम काढू नका. ढगाळ दिवस बघून उघडा, नाहीतर महिनोन्महिने अंधारात राहिलेली पानं पहिल्याच उन्हात भाजतात.

आणि बर्फ पडला तर आनंद माना. सासाची गोष्ट आठवा: वीतभर भुसभुशीत बर्फाखाली रोप वाऱ्यापासून, उन्हापासून आणि सर्वांत वाईट थंडीपासून झाकलं जातं. वाटेवरचा स्वच्छ बर्फ उचलून मी रोपांवर टाकतो. फक्त रस्त्याचं मीठ मिसळलेला बर्फ नको. बर्फाच्या ओझ्याने मोठ्या काठ्या जमिनीला टेकतात, त्या बघून घाबरू नका. काठीने झोडपून बर्फ झटकू नका. वितळल्यावर बहुतेक स्वतःच उभ्या राहतात.

कुंडीतली रोपं वेगळी. जमिनीत कंदाला खालून ऊब असते, कुंडी मात्र चहूबाजूंनी गोठते. जो बांबू जमिनीत उणे २० सोसतो तो कुंडीत उणे १० लाही जाऊ शकतो. कुंडी जमिनीत पुरून वर आच्छादन द्या किंवा न तापवलेल्या, पण खिडकी असलेल्या खोलीत ठेवा, जिथे पारा शून्याच्या आसपास खेळतो. महिन्यातून एक-दोनदा, माती गोठलेली नसताना, थोडं पाणी. घराच्या तापलेल्या खोलीत हिवाळाभर ठेवलेला बांबू कोरड्या हवेने आणि कोळ्यांनी, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडींनी, हैराण होतो. बांबूचे कोळी पानाच्या खालच्या बाजूला जाळी विणतात आणि वरून पानावर फिकट चौकोनी ठिपके दिसतात. नवा कंद पानांसकट आणला असेल तर पानं उलटी करून बघितल्याशिवाय आत घेऊ नका.

वसंतात तपकिरी दिसलं तर

सगळी पानं तपकिरी. हात करवतीकडे जातो. जाऊ देऊ नका.

थंडीचा मार वरून खाली येतो: आधी पानं, मग फांद्यांवरचे डोळे, मग काठी आणि सर्वांत शेवटी कंद. पानं गेली पण फांदी हिरवी असेल तर त्याच फांद्यांवर नवी पानं फुटतात. नखाने फांदी खरवडा. खाली हिरवं असलं की काठी जिवंत. काठी तपकिरी, पोकळ वाजत असेल तर ती गेली, पण कंद बहुधा शाबूत असतो आणि उशिराने, आधीपेक्षा आखूड कोंब पाठवतो. कोंबांचा हंगाम सरेपर्यंत काही कापू नका, आणि पूर्ण उन्हाळा गेल्याशिवाय खणून फेकू नका. वसंतात थोडी पानं पिवळी पडून गळणं हा तर रोग नव्हेच, नव्या पानांसाठी जागा होते आहे.

आच्छादन या वेळी थोडं विरळ करा म्हणजे माती लवकर तापेल. पण काढून टाकू नका, कोंब त्यातून सहज वर येतात.

दुसऱ्या वर्षी काठ्या पेन्सिलीएवढ्या होतील, कदाचित गुडघ्याच्या वर. खरा फरक तिसऱ्या ते पाचव्या वर्षात दिसतो, कारण तोवर खाली जाळं झालेलं असतं. दर हिवाळ्यात वरचा भाग जळणाऱ्या ठिकाणी बांबू मरत नाही, पण मोठाही होत नाही, झुडूप होऊन बसतो. तुमच्याकडे तसं होत असेल तर त्याच्याशी झगडण्यापेक्षा जात बदला.

धावणाऱ्याला लगाम

ज्या तंत्रामुळे कंदाचा तुकडा सहज उगवतो त्याच तंत्राने तो शेजाऱ्याच्या अंगणातही जातो. थंड प्रदेशात पसरण्याचा वेग कमी असतो, पण थांबत नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ऑरिओसल्काटा आणि ऑरिया या दोन जाती लावायलाच बंदी आहे, तेव्हा लावण्याआधी आपल्याकडचा नियम बघून घ्या.

दोन उपाय आहेत. एक, जाड प्लास्टिकची भिंत: दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा पत्रा, ७० ते ७५ सेंटिमीटर खोल, वरचं टोक बाहेरच्या बाजूला किंचित कललेलं आणि जमिनीच्या वर चार-पाच सेंटिमीटर. कलामुळे कंद आदळला की वर वळतो आणि दिसतो. जोड नीट आवळला नाही तर कंद नेमका तिथूनच निघतो. दुसरा उपाय स्वस्त आणि मला जास्त आवडणारा: राईभोवती फावड्याच्या रुंदीचा, वीत-दीड वीत खोल चर खणून त्यात पाला सैल भरून ठेवायचा. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात चरातून फावडं फिरवलं की ओलांडू पाहणारे कंद लगेच सापडतात. वर्षातून दोनदा तासभराचं काम, पण चुकवायचं नाही.

बेटाचा बांबू हवा असेल तर

लगामाची कटकट नको असेल तर फार्गेसिया. नितिडा आणि म्युरिएली या दोन जाती उणे २५ अंशांच्या आसपासही टिकतात आणि जागेवरच राहतात. हे चीनमधल्या डोंगरउतारांवरचे बांबू, त्यामुळे थंडीपेक्षा दुपारच्या कडक उन्हाला घाबरतात. अर्धी सावली द्या. गारठ्यात पानं गुंडाळून घेणं ही त्यांची सवयच आहे, तहान नव्हे.

यांचा नुसता कंद लावू नका. वसंताच्या सुरुवातीला बेटाच्या कडेने चार-पाच काठ्यांचा वाटा करवतीने कापा. गड्डे इतके गुंतलेले असतात की कुदळीने तुटत नाहीत, फाटतात. काठ्या एक तृतीयांश छाटा, मुळांवरची माती सुटू देऊ नका आणि त्याच दिवशी लावा. आणखी एक गोष्ट विचारून घ्या: हे बेट बीपासून कधी उगवलं? एका पिढीचे बांबू दीर्घकाळाने जवळपास एकाच सुमारास फुलतात आणि फुलून मरतात. म्युरिएली १९९० च्या दशकात आणि नितिडा त्यानंतरच्या दशकात जगभरच्या बागांत असे फुलून गेले. फुलायला आलेल्या जुन्या बेटाचा वाटा कितीही जपला तरी तो आपल्या आईबरोबरच फुलतो. आज विकली जाणारी रोपं बहुतेक त्या फुलोऱ्यानंतरच्या बियांची आहेत, म्हणून ती निर्धास्त घ्या.

धावणाऱ्याची राई तुमच्याकडे जमली की पुढचे कंद घरचेच. पण तिसऱ्या वसंताच्या आधी काढू नका, आणि तेव्हाही एका बाजूचेच, चरात आलेले तेवढे. ते कापायचेच होते, आणि नवे, हस्तिदंती, डोळे भरलेले कंद नेमके तिथेच असतात.